झॅबिक्स चालत नाही? पुसून पुन्हा बसवण्याआधी एवढं तपासा

दिवाळीनंतर चोपडा-अमळनेर पट्ट्यात जिनिंग सुरू झाल्या की माझा फोनही सुरू होतो. “भो, कॅमेरा बंद पडी गयात.” कधी गेटवरचे कॅमेरे, कधी वजनकाट्याचा कॉम्प्युटर, कधी ऑफिस ते गोदाम अशी वायरलेस लिंक. मुनीमजींच्या आधी आपल्याला कळावं म्हणून नेटवर्कवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं. मी झॅबिक्स वापरतो. ते फुकट आहे आणि जुन्या डेस्कटॉपवरही निभावून नेतं. ते लाटवियातल्या रीगा शहरात तयार होतं, आणि आपल्याकडे इंटरनेटवाल्यांच्या प्रत्येक डब्यात सापडणारा मायक्रोटिकचा राउटरही रीगाचाच. दोघं एकाच गावचे, पण पहिल्या भेटीत एकमेकांशी बोलतीलच असं नाही.

मी पहिल्यांदा झॅबिक्स बसवलं तेव्हा ते चार वेळा पुसून पुन्हा टाकलं होतं. चारही वेळा तीच चूक आली, कारण चूक एका फाइलमधल्या एका ओळीत होती आणि मी ती ओळ चारही वेळा तशीच लिहीत होतो. पुसून पुन्हा टाकल्यानं फक्त चूक सांगणारा लॉग पुसला जातो.

खालच्या आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजीत करायचे. उदाहरणं उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस सॉफ्टवेअर) धरून आहेत.

आधी दुखणं कुठे आहे ते ठरवा

झॅबिक्स म्हणजे एक वस्तू नाही. मागे काम करणारा सर्व्हर, माहिती साठवणारा डेटाबेस आणि ब्राउझरमध्ये उघडणारं वेब पान, असे तीन तुकडे आहेत. चौथं टोक म्हणजे ज्याच्यावर पहारा ठेवायचा तो राउटर, स्विच किंवा कॉम्प्युटर. “चालत नाही” हे चौघांपैकी कोणाबद्दलही असू शकतं.

पानच उघडत नसेल तर वेब सर्व्हर बघा. पान उघडलं पण लॉगिन होत नसेल, तर सुरुवातीचं नाव ‘अ‍ॅडमिन’ आहे आणि त्यातला पहिला ए मोठ्या लिपीतला आहे; पासवर्ड ‘झॅबिक्स’, सगळा लहान लिपीत. पाच वेळा चुकलं तर ३० सेकंद दार बंद होतं, तेव्हा घाईघाईत सहाव्यांदा मारू नका. (आत गेल्यावर पासवर्ड बदला. न बदलता ठेवलेले सर्व्हर मी बरेच पाहिलेत.) आत गेलात पण खाली “झॅबिक्स सर्व्हर इज नॉट रनिंग” अशी पट्टी दिसली, तर दुखणं सर्व्हरचं किंवा डेटाबेसचं आहे. पट्टी नाही, पण राउटरसमोर लाल खूण आहे, तर बिघाड नेटवर्कच्या बाजूला आहे.

लॉग उघडा आणि उघडाच ठेवा

व्हार फोल्डरमध्ये लॉग, त्यात झॅबिक्स, आणि त्यात ‘झॅबिक्स_सर्व्हर.लॉग’ ही फाइल असते. एका खिडकीत ‘सुडो टेल -एफ’ लावून ती उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट झॅबिक्स-सर्व्हर’ द्या. पहिल्या खिडकीत जे धावत येईल त्यात उत्तर असतं. सगळं इंग्रजी वाचायची गरज नाही, चौकटी कंसातला आकडा शोधा.

१०४५ म्हणजे डेटाबेसनं पासवर्ड नाकारला. २००२ म्हणजे बहुधा डेटाबेस चालूच नाही. आधी मायएसक्यूएल उठवा. ११४६ म्हणजे डेटाबेस आहे, पण आतले तक्ते नाहीत, म्हणजे झॅबिक्सचे तयार तक्ते डेटाबेसमध्ये भरायचं काम, म्हणजेच आयात, राहून गेली किंवा अर्धवट झाली.

माझ्या चार वेळच्या पराक्रमात १०४५ होता. इटीसी फोल्डरमध्ये झॅबिक्स, त्यातल्या ‘झॅबिक्स_सर्व्हर.कॉन्फ’ फाइलमध्ये ‘डीबीपासवर्ड’ अशी ओळ असते, आणि तिच्या आधी # चिन्ह असतं. ते चिन्ह असेपर्यंत सॉफ्टवेअर ती ओळ वाचतच नाही. मी दर वेळी ते चिन्ह न काढता त्याच ओळीत इमानदारीनं पासवर्ड लिहीत होतो.

आयात करताना धीर धरा

सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. तक्ते भरायची आज्ञा दिली की पडद्यावर काहीच दिसत नाही. टक्के नाहीत, टिंबं नाहीत, नुसता चौकोन लुकलुकत राहतो. जुन्या हार्ड डिस्कवर हे बराच वेळ चालतं. आपल्याला वाटतं अडकलं, आपण कंट्रोल-सी दाबतो, आणि डेटाबेस अर्धा राहतो. मग दुसऱ्यांदा तीच आज्ञा दिली की १०५० येतो: तक्ता आधीच आहे. अशा वेळी डागडुजी करत बसू नका. तो अर्धा डेटाबेस ‘ड्रॉप’ करून नवा करा. नव्याला ‘यूटीएफ८एमबी४’ आणि ‘यूटीएफ८एमबी४_बिन’ ही अक्षररचना द्या, मग एकदाच आयात सुरू करा आणि उठून चहा प्या. फक्त आधी खात्री करा की त्यात जपण्यासारखं काही नाही. चालू सर्व्हरवर ‘ड्रॉप’ देणं म्हणजे उभं पीक नांगरणं.

आयातीतच १४१९ आला तर घाबरू नका. मायएसक्यूएलचं बायनरी लॉगिंग चालू असतं आणि साध्या यूजरला ते फंक्शन बनवू देत नाही. मायएसक्यूएलमध्ये रूट म्हणून जाऊन ‘सेट ग्लोबल लॉग_बिन_ट्रस्ट_फंक्शन_क्रिएटर्स = १’ द्या, आयात पूर्ण करा, आणि नंतर तोच आकडा आठवणीनं ० करा.

पॅकेजच उतरत नसेल, ‘अनमेट डिपेंडन्सीज’ असं काही येत असेल, तर बहुतेक वेळा एकच कारण असतं: उबंटू २४.०४ आहे आणि रिपॉझिटरी (जिथून पॅकेज उतरतं ते भांडार) २२.०४ ची टाकली आहे. जुन्या व्हिडिओतून ओळी उतरवल्या की हे होतं. झॅबिक्सच्या डाउनलोड पानावर आवृत्ती, उबंटू, डेटाबेस आणि वेब सर्व्हर निवडले की नेमक्या ओळी मिळतात, त्याच घ्या. झॅबिक्स ७.० पासून पीएचपी (वेब पान जिच्यावर चालतं ती भाषा) किमान ८.० लागते, म्हणून फार जुन्या उबंटूवर नवं झॅबिक्स चढवायचा हट्ट नको.

सर्व्हर चालू आहे, लॉगमध्ये तक्रार नाही, तरी ती “नॉट रनिंग”ची पट्टी जात नाही, असं रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर होतं. तिथे एसईलिनक्स ही लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था वेब पानाला सर्व्हरच्या १००५१ पोर्टकडे जाऊ देत नाही. ‘सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_कनेक्ट_झॅबिक्स ऑन’ दिलं की वाट मोकळी होते. एसईलिनक्स पूर्ण बंद करा असा सल्ला देणारे भेटतील. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला तो प्रकार आहे.

राउटर उत्तर देत नाही

पिंग लागतो, म्हणजे सगळं ठीक, ही समजूत पहिल्यांदा सोडा. पिंग म्हणजे घरात कोणीतरी आहे एवढंच कळणं. पोर्टवर किती डेटा गेला, केव्हापासून चालू आहे, हे विचारायला एसएनएमपी ही उपकरणांची बोली लागते, आणि ती यूडीपीच्या १६१ पोर्टवर चालते. मायक्रोटिकमध्ये ती मुळात बंद असते. विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकची सेटिंग करायचं सॉफ्टवेअर) आयपी, मग एसएनएमपी, आणि तिथे ‘एनेबल्ड’वर टिक करा.

यातली खरी मेख अशी, की एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत कम्युनिटीचं नाव (हे पासवर्डसारखं काम करतं) चुकलं तर राउटर “नाव चुकलं” असं सांगत नाही. तो गप्प बसतो. राउटर बंद असला तरी तीच शांतता, फायरवॉलनं अडवलं तरी तीच, नाव चुकलं तरी तीच. झॅबिक्स तिन्ही वेळा ‘टाइमआउट’ म्हणतं. म्हणून झॅबिक्सच्या पानावर बटणं दाबत बसण्यात अर्थ नाही. ज्या मशीनवर झॅबिक्स आहे त्याच मशीनच्या टर्मिनलवरून विचारा: ‘एसएनएमपीवॉक -व्ही२सी -सी’, पुढे कम्युनिटीचं नाव, पुढे राउटरचा आयपी, आणि शेवटी १.३.६.१.२.१.१. हा शेवटचा आकडाच टाका. आकड्याऐवजी त्याचं इंग्रजी नाव टाकलं तर एमआयबी फाइली (कोणत्या नावाचा आकडा कोणता ते सांगणाऱ्या) लागतात आणि उबंटूवर त्या आपोआप येत नाहीत.

तुमच्या लॅपटॉपवरून उत्तर आलं आणि झॅबिक्सच्या मशीनवरून आलं नाही, तर मायक्रोटिकच्या कम्युनिटीतला ‘अ‍ॅड्रेसेस’ रकाना बघा. तिथे कोणाला उत्तर द्यायचं ते लिहिलेलं असतं. तो बरोबर असेल तर राउटरची फायरवॉल बघा. दोन्हीकडून उत्तर नसेल तर कम्युनिटीचं नाव अक्षर न अक्षर ताडून पाहा. लहान-मोठी लिपी इथे वेगळी धरली जाते. नाव ‘पब्लिक’ ठेवू नका, आणि निदान तो रकाना झॅबिक्सच्या एकाच आयपीपुरता ठेवा. टर्मिनलवर उत्तर आलं की मगच झॅबिक्समध्ये तेच नाव भरा.

पहारा लिनक्स मशीनवर ठेवायचा असेल तर अजून एक गंमत आहे. उबंटूवर एसएनएमपीडी (एसएनएमपीला उत्तर देणारं सॉफ्टवेअर) बसवलं की ते मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतं, म्हणजे स्वतःशीच बोलतं. ‘एसएनएमपीडी.कॉन्फ’मधली ‘एजंटअ‍ॅड्रेस’ची ओळ बदलून त्या मशीनचा आयपी घाला. उत्तर आलं पण चार ओळींवर थांबलं, तर त्याच फाइलमधला ‘सिस्टमओन्ली’ हा व्ह्यू माहिती झाकतो आहे.

वजनकाट्याच्या विंडोज कॉम्प्युटरवर मी एसएनएमपीच्या नादी लागत नाही, झॅबिक्सचा एजंट, म्हणजे त्या कॉम्प्युटरची माहिती देणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकतो. त्याच्या फाइलमध्ये ‘सर्व्हर’ या ओळीत झॅबिक्स मशीनचा आयपी लागतो, तिथे १२७.०.०.१ राहिला तर एजंट फोन उचलून लगेच ठेवून देतो आणि लॉगमध्ये ‘एम्प्टी रिस्पॉन्स’ येतो. विंडोजच्या फायरवॉलमध्ये १००५० हा पोर्ट उघडावा लागतो. ‘होस्टनेम’ दोन्हीकडे अगदी सारखं हवं. एकीकडे ‘काटा१’ आणि दुसरीकडे ‘काटा-१’ असेल तर अ‍ॅक्टिव्ह तपासण्या, म्हणजे एजंट स्वतःहून पाठवतो ती माहिती, येणार नाहीत. आणि फाइल बदलली की एजंटची सर्व्हिस रीस्टार्ट करा. हे सांगायची गरज नसावी, पण मी स्वतः ते विसरून वजनकाट्याच्या केबिनमध्ये अर्धा तास घालवला आहे.

आकडे येतात, पण खोटे येतात

आलेख दिसतो पण मध्येच तुटतो किंवा वेग अशक्य वाटतो, तेव्हा बहुधा ३२ बिटांचा मोजणारा आकडा वापरात असतो. गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा तो भरला की शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहिली तर तो पावणेसहा मिनिटांत फिरतो, एक जीबीपीएसवर साधारण ३४ सेकंदांत. ६४ बिटांचे आकडे, म्हणजे ज्यांच्या नावात ‘एचसी’ आहे ते, वापरा. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ते मिळतच नाहीत, म्हणून दुसरी किंवा तिसरी निवडा.

आलेख साडेपाच तास मागे दिसत असेल तर टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ नाही.

घड्याळच वर्षं-वर्षं मागे गेलं असेल तर कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो. लाईट गेली, यूपीएसनंही मान टाकली, की मशीन जुन्या तारखेला उठतं. मग ‘एपीटी अपडेट’ म्हणतं फाइल अजून वैध नाही, ब्राउझर म्हणतो सर्टिफिकेट चुकीचं, आणि आलेखात भोक पडतं. सीआर२०३२ सेल किराणा दुकानातही मिळतो. तो बदला आणि एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू ठेवा. डबा उघडलाच आहे तर पंखाही झटका. जिनिंगमध्ये रुईची तूस पंख्याला गोधडीसारखी चिकटते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे गेला की तीच मशीन आपोआप बंद पडू लागते. त्यावर कुठली कॉन्फिगरेशन फाइल चालत नाही.

लाईट अचानक जाण्याचा दुसरा मार डेटाबेसवर बसतो. झॅबिक्स उठत नाही आणि लॉगही नीट बोलत नाही, तेव्हा ‘डीएफ -एच’ देऊन डिस्क भरली आहे का ते पाहा. भरली असेल तर आधी जागा करा, मगच मायएसक्यूएलचा लॉग वाचा. भरलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा प्रयोग करू नका.

आता एकदा मुद्दाम बंद करा

सगळं हिरवं दिसायला लागलं की सर्व्हर, वेब सर्व्हर, डेटाबेस आणि एजंट या चारही सर्व्हिसना ‘सिस्टिमसीटीएल एनेबल’ द्या. नुसतं ‘स्टार्ट’ दिलेलं पुढच्या वेळी आपोआप उठत नाही. मग फाइल्सच्या प्रती आणि डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) पेन ड्राइव्हवर घ्या, आणि मशीन रीबूट करा. पाच मिनिटांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पान उघडा. पट्टी नसेल तर गोदामाच्या लिंकची वायर स्वतः काढा आणि मोबाइलवर अलर्ट येतो का ते घड्याळ लावून बघा. मुनीमजींना आधी सांगून ठेवा, नाहीतर अलर्टच्या आधी त्यांचाच फोन येईल.