ओपन मॉडेल क्लाउड एपीआयवरून चालवताना घोडं अडतं ते टेम्प्लेटपाशी

ओपन मॉडेल म्हणजे कोणालाही उतरवून घेता येणारं भाषा मॉडेल, लामा किंवा मिस्ट्रलसारखं. ते आपल्या सर्व्हरवर चालवून देणाऱ्या एखाद्या क्लाउड सेवेचं खातं उघडून एपीआय की (तुमच्या कोडला त्या सेवेत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) घेतली असेल असं धरून चालते. ती कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, सिस्टिममध्ये साठवलेलं मूल्य) ठेवा. चुकून गिटवर (कोडचा इतिहास जपणारं साधन) गेलीच तर लगेच रद्द करून नवी घ्या. फाइलमधून पुसली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी जतन केलेल्या आवृत्तीत, ती तशीच राहते.

जोडणी सोपी आहे. बऱ्याच सेवा ओपनएआयच्या एपीआयचीच रचना पाळतात, त्यामुळे तीच लायब्ररी वापरून बेस यूआरएल (सेवेचा पत्ता), की आणि मॉडेलचं नाव एवढंच बदलायचं.

मॉडेल निवडताना मात्र नाव नीट वाचा. तुम्हाला हवं आहे ते इन्स्ट्रक्ट मॉडेल, म्हणजे सूचना पाळायला शिकवलेलं. बेस मॉडेलला ‘पाणी किती अंशांना उकळतं?’ असं विचारलं, तर उत्तर देण्याऐवजी ते प्रश्नपत्रिकेसारखे आणखी चार प्रश्न लिहून मोकळं होऊ शकतं. दिलेला मजकूर पुढे नेणं एवढंच त्याला शिकवलेलं असतं. गूगलच्या गेमा मॉडेलच्या नावात ‘इन्स्ट्रक्ट’ऐवजी ‘आयटी’ असतं, म्हणून मॉडेल कार्ड (मॉडेलचं माहितीपत्रक) उघडून खात्री करा. तिथेच परवानाही पाहून घ्या. मिस्ट्रल ७बी अपाचे २.० खाली आहे, लामाला मेटाचा स्वतःचा परवाना आहे आणि त्याला अटी आहेत.

आता टेम्प्लेट, म्हणजे संवाद मॉडेलला ज्या ठरलेल्या साच्यात द्यायचा तो साचा. मॉडेलला तुमचं बोलणं कुठे संपलं आणि त्याचं कुठे सुरू झालं हे कळतं ते खास टोकनांमुळे (टोकन म्हणजे मॉडेल वाचतं तो मजकुराचा तुकडा), आणि ही टोकन प्रत्येक घराण्याची वेगळी. लामा २ मध्ये प्रश्न चौकटी कंसातल्या ‘आयएनएसटी’ खुणांमध्ये बसतो. २०२४ च्या लामा ३ मध्ये प्रत्येक संदेशाआधी भूमिकेचं शीर्षक आणि शेवटी ‘ईओटी आयडी’ येतं. अलीबाबाच्या क्वेनच्या खुणा आणखी निराळ्या.

मी लामा २ साठी हाताने लिहिलेला प्रॉम्प्ट जसाच्या तसा लामा ३ ला दिला होता. एरर आली नाही, आणि घात तिथेच झाला. पहिलं उत्तर ठीक आलं, मग मॉडेलने माझ्या वतीने पुढचा प्रश्न लिहिला, त्याचं उत्तर दिलं, पुन्हा प्रश्न... टोकनांची मर्यादा संपेपर्यंत हेच चालू. ‘टेम्परेचर (उत्तरातला अनिश्चितपणा ठरवणारी सेटिंग) कमी करा’, ‘मोठं मॉडेल घ्या’ असे सल्ले मिळाले. दोन्ही करून पाहिले, दोन दिवस गेले. हे सल्ले ऐकू नका. उत्तर थांबत नसेल तर आधी टेम्प्लेट आणि स्टॉप टोकन (उत्तर कुठे थांबवायचं ती खूण) तपासा.

माझं ठाम मत असं, की टेम्प्लेट हाताने लिहूच नये. ‘कम्प्लीशन्स’ हा एंडपॉइंट (एपीआयमधला पत्ता, जिथे कच्चा प्रॉम्प्ट जातो) सोडा, ‘चॅट कम्प्लीशन्स’ वापरा आणि सिस्टम, यूझर, असिस्टंट अशा भूमिका लावून संदेशांची यादी द्या. योग्य खुणा सर्व्हर घालतो. कच्चा प्रॉम्प्ट पाठवणं भागच असेल, तर टोकनायझरमधलं (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) ‘अप्लाय चॅट टेम्प्लेट’ वापरा. त्यातही सुरुवातीचं टोकन टेम्प्लेटने एकदा आणि सर्व्हरने पुन्हा एकदा घातलं, तर उत्तरं बिघडू शकतात, आणि कुठेही तक्रार दिसत नाही.

मराठीत काम असेल तर ‘मॅक्स टोकन्स’ (उत्तराची कमाल लांबी) सढळ ठेवा. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि जुन्या टोकनायझरांमध्ये एका शब्दाचे बरेच तुकडे पडतात. लामा २ चा शब्दसंग्रह ३२,००० टोकनांचा होता, लामा ३ चा १,२८,२५६; शब्दसंग्रह मोठा, तर तुकडे कमी. उत्तर ‘त्यामुळे आपल्या’ असं अर्ध्यावर तुटलं तर प्रतिसादातलं ‘फिनिश रीझन’ (उत्तर थांबण्याचं कारण) पाहा. तिथे ‘लेंथ’ असेल तर मर्यादा वाढवा, ‘स्टॉप’ असेल तर मॉडेल स्वतःच थांबलंय.

सर्व्हरकडून ४०१ हा एरर कोड आला तर की चुकली आहे. ४२९ आला तर विनंत्यांची मर्यादा ओलांडली आहे. लगेच पुन्हा पाठवू नका, दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करत जा.