वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी चालती करायची? आधी टाकी उतरवा

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत, चार गल्ल्या हिंडलात तर एखाद्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली गाडी सापडतेच. आजोबांची फियाट, नाहीतर काकांची पहिलीवहिली मारुती 800. मुलगा दिवाळीला घरी येतो, ताडपत्री ओढतो, नवी बॅटरी आणतो, पाच लिटर ताजं पेट्रोल ओततो आणि सेल्फ मारतो. दुर्दैव असं की गाडी बऱ्याचदा सुरू होते. घरभर आनंदीआनंद. आणि त्यानंतर ती दर रविवारी भर रस्त्यात बंद पडायला लागते, ती पुन्हा ताडपत्रीखाली जाईपर्यंत.

अशा गाड्यांचं मूळ दुखणं नव्वद टक्के वेळा इंजिनात नसतं, मागे टाकीत असतं. तरी जो तो बॉनेटच उघडून बसतो.

पुढचं सगळं कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भांड्याच्या) गाड्यांसाठी आहे: पद्मिनी म्हणजे आपली फियाट, अँबॅसिडर, 2000 सालाआधीची मारुती 800. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल खेचणारा पंप टाकीच्या आतच असतो, तिचा हिशेब वेगळा. पाने, जॅक आणि जॅकस्टँड तुमच्याकडे आहेत असं मी धरतो. विटांवर गाडी टेकवून खाली शिरणाऱ्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

इंजिन मोकळं करा

जुनं तेल काढा, फिल्टर बदला, नवं तेल भरा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या (फॅनबेल्ट फिरवणाऱ्या खालच्या चाकाच्या) नटाला गोटी पाना लावा आणि हाताने फिरवा. फिरलं तर ठीक. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल सोडा, आणखी थांबा. मारुतीचा टायमिंग बेल्ट रबरी असतो. तो दिसायला कितीही चांगला असला तरी बदला. फियाटला चेन आहे, तिची काळजी नको. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीची वीज जोडतात-तोडतात ते) बारीक पॉलिशपेपरने घासा, एअर क्लीनरचा डबा उघडून उंदराचं घरटं काढा (असतंच) आणि वायरी कुरतडल्यात का बघा. मग प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज पुरवते ती) वायर काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. इंजिनाचं एवढंच.

आता पहिल्यांदा इंजिन चालवून बघायचं असेल तर पंपाच्या तोंडाशी येणारा पाइप सोडवा आणि तिथे स्वच्छ पेट्रोलच्या एखाद्या छोट्या डब्यातून नळी जोडा. डबा सायलेन्सरपासून लांब, आग विझवायचं सिलिंडर हाताशी. टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंबही पुढे येता कामा नये.

टाकी

आधी लक्षण सांगतो, कारण त्यापायी लोक वर्षं वाया घालवतात. गाडी घरून निघते, छान धावते. पंधरा-वीस मिनिटांनी आचके द्यायला लागते, ॲक्सिलरेटर दाबला की आणखी मरगळते आणि बंद पडते. दहा मिनिटं उभी ठेवा, पुन्हा सुरू. पुन्हा पंधरा मिनिटं. माझ्या हातात पहिल्यांदा अशी गाडी आली तेव्हा खंडवा रोडवर भेरूघाटाच्या अलीकडे तिने अक्षरशः रडवलं होतं. ज्या मेकॅनिकला बोलावलं त्याने बॉनेट उघडलं आणि एका सेकंदात निदान केलं: "भिया, पंप गरम हो गया." मग पंपावर ओलं फडकं. थोड्या वेळाने गाडी सुरू. निघताना त्याने कॉइल बदलायचाही सल्ला दिला.

ओल्या फडक्याची ही विद्या मध्य भारतात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मे महिन्यात पंप तापून पेट्रोलची वाफ होते हे खरं, नाही असं नाही. पण दहातल्या आठ वेळा गाडी फडक्यामुळे चालू होत नाही, थांबल्यामुळे होते. टाकीच्या तळाशी पेट्रोल खेचणारी नळी असते आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी. पंप खेचत असला की गंजाचे पापुद्रे आणि जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ त्या जाळीला येऊन चिकटतो आणि वाट बुजते. इंजिन बंद, खेच बंद. पापुद्रे सुटून तळाशी बसतात. वाट मोकळी. श्रेय फडक्याला.

हेच लक्षण आणखी एका कारणाने येतं, आणि ते तपासायला फुकट आहे. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल जसं खर्च होतं तशी आत पोकळी होते आणि पंपाला खेचता येत नाही. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा "सुस्स" आवाज आला तर झाकण बदला आणि टाकी उतरवायचे पुढचे परिच्छेद सोडून द्या. नशीबवान आहात.

आवाज आला नाही तर टाकी उतरवायची. "वरून ॲडिटिव्ह टाका, आपोआप साफ होईल" असं सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि चहा पाजून वाटेला लावा. गंज विरघळवणारं पेट्रोल अजून निघालेलं नाही. उलट ताजं पेट्रोल जुना चीक सोडवतं आणि पापुद्र्यांसकट पुढे पाठवतं.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. जुनं पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये उतरवा. त्याचा रंग कोऱ्या चहासारखा असेल आणि वास पेट्रोलचा नाही, रंगाच्या दुकानाचा येईल. ते गटारात ओतू नका. देशात स्वच्छतेत पहिले आलो म्हणून मिरवणाऱ्या गावात तरी नको. आणि स्कूटरमध्येही घालू नका. गॅरेजवाले सुटे भाग धुवायला आनंदाने नेतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत निव्वळ वाफ आणि हवा. ठिणगी पडली की बॉम्ब. भोक दिसलं म्हणून ती थेट वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. "पाणी मारलंय, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडे तर अजिबात नको. नुसत्या पाण्याने वाफ जात नाही. आधी कपडे धुवायची पावडर घातलेल्या गरम पाण्याने ती काठोकाठ भरा, तासभर ठेवा, ओता. वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. त्यानंतरच आत टॉर्च मारून बघा.

काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. बऱ्याच जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथलाचा मुलामा असतो. तो करडा, मंद चमकणारा मुलामा बहुतेक ठिकाणी शाबूत असेल आणि गंज फक्त वरच्या बाजूला, जिथे पेट्रोल पोहोचत नव्हतं तिथे असेल, तर ॲसिड वापरू नका. साबणपाणी, मग डिझेलने खळखळून धुणं, पुरे. तळ तपकिरी आणि खवल्याखवल्यांचा असेल तर मात्र पूर्ण विधी करावा लागतो.

फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता गोळा) आणि जाळीची नळी काढून घ्या. एक जुनी सायकलची चेन घ्या, तिच्या टोकाला मजबूत तार बांधा आणि तारेचं दुसरं टोक बाहेर ठेवा. ही तार विसरणाऱ्यांच्या टाकीत चेन कायमची वाजत राहते. आत थोडं पाणी, चेन, आणि टाकी सगळ्या बाजूंनी हलवा. दोन माणसं लागतात. निघणारं पाणी गेरूसारखं लाल असेल. ते फिकं होईपर्यंत चालू ठेवा.

मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल. सियागंजच्या बाजारात किलोने मिळतं. लिटरला साधारण 80 ग्रॅम. मारुती 800 ची टाकी 28 लिटरची, म्हणजे सव्वादोन किलो. गरम पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरलीत तर वरचा गंज तसाच राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात खाली पडतो. झाकण उघडं ठेवा, कारण यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. आसपास बिडी-सिगारेट नको. एक दिवस, फार तर दीड.

संडास धुवायचं ॲसिड वापरायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. अर्ध्या तासात काम होतं, खरं आहे. पण ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि सांध्यांचं झाळणही. वर ओतून टाकल्यावर टाकी डोळ्यांदेखत पुन्हा लाल होते. जिथे भोक नव्हतं तिथे भोक पडलेल्या टाक्या मी याच कारणाने पाहिल्या आहेत.

लिंबूफुलानंतरही घाई करायचीच आहे. ओता, लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच साध्या पाण्याने, लगेच वाळवा. ओला उघडा पत्रा काही मिनिटांत नारिंगी पडतो. म्हणून माझं मत ठाम आहे: हे काम चैत्र-वैशाखातच काढा. इंदूरच्या श्रावणात टाकी वाळत नाही, गंजते. ब्लोअर लावा, वर ऊन आहेच. कोरडी झाली की वाटीभर टू-टी तेल (जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे ते) आत सोडून सगळीकडे फिरवा, म्हणजे पत्र्यावर थर बसतो. आतून लावायचे लेप बाजारात मिळतात. मी लावत नाही. नीट चिकटले नाहीत तर वर्षाभराने तेच पापुद्रे होऊन जाळीवर येतात, आणि ते काढणं गंज काढण्यापेक्षा कठीण.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत

लोखंडी पाइप दोन्ही टोकांना सोडवा आणि पुढून मागे हवा मारा; पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो. रबरी नळ्या सगळ्याच्या सगळ्या नव्या, आणि त्याही इथेनॉल सोसणाऱ्या. आता पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि तुमची गाडी ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हाची आहे. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, चिरतं. दुकानदाराने पाण्याची नळी "हीच चालते" म्हणून पुढे केली तर दुकान बदला.

टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर बसवा. त्यात लाल भुकटी दिसली की टाकी अजून साफ नाही हे घरबसल्या कळतं.

गाडीतल्या पंपाचा रबरी पडदा बदला. तो फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, तेल बदला.

कार्ब्युरेटर उघडून क्लीनरने धुवा, नवं किट घाला. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांत) तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं गेलं.

बाकीचं

ब्रेक: सगळे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरची किटं, होज पाइप, नवं डॉट-3 तेल. यावर वाद नको. "पेडल लागतंय की" हे उत्तर नाही.

टायर: कडेला चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, दहा वर्षांपुढचा टायर फेका.

रेडिएटरचे पाइप, फॅनबेल्ट: नवे.

कागद: खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी नायता मुंडल्याच्या आरटीओत गाडी दाखवावी लागते. विमा आणि पीयूसी त्याआधी. म्हणून हे सगळं गाडी धड चालायला लागल्यावर करा. तपासणीच्या रांगेत बंद पडलेली गाडी ढकलणाऱ्यांकडे लोक फार आनंदाने बघतात.

पहिल्या फेऱ्या घराभोवतीच ठेवा, बायपासवर जाऊ नका. पहिली टाकी संपली की फिल्टर बदला, रंग काहीही असो. नंतर आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवा, आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि इथेनॉल ते पाणी ओढून घेतं. एक जादा फिल्टर, दोन क्लिपा आणि पेचकस डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या. ओलं फडकं काच पुसायला वापरा.