जुनी लष्करी दुर्बीण घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो. दुर्बिणीच्या जोडीला ‘जुनी आहे, चालत नाही, शोभेला ठेवू’ म्हणून .३०३ रायफल घरात आणू नका. आपल्याकडे हा बोअर (नळीचं माप) प्रतिबंधित आहे, साध्या परवान्यात तो बसत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं झाली आहे. शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात. वाड्यात आजोबांच्या काळची बंदूक निघाली तर ती झाकून ठेवू नका, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. रायफलवर बसणारी दुर्बीण घेण्याआधीही शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारलेलं बरं. रायफलीचा अभ्यास संग्रहालयात आणि फोटोंवरून होतो. घरातला संग्रह टेहळणीच्या दुर्बिणी, डबे, चामडी खोळी आणि कागदपत्रांचा असू द्या.

दुसरी चूक म्हणजे वस्तूऐवजी गोष्ट विकत घेणं. जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं निजामाच्या कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या, छावण्या होत्या, म्हणून जुन्या बाजारात निम्मा माल ‘छावणीतला’ असतो. पण कंटिन्जंट १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी फौजेत विलीन झाली. नंबर ३२ ही ब्रिटिश स्नायपरची दुर्बीण दुसऱ्या महायुद्धातली. ती ‘मोमिनाबादच्या कंटिन्जंटची’ कशी असेल? पितळी दुर्बिणींवर ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असं ठसठशीत कोरलेलं दिसतं. त्या नावाची कंपनीच मुळी १९४७ची. तो माल नव्याने घडवलेला, सजावटीचा. सजावटीच्या भावातच घ्या.

आता नंबरांचं. नंबर ३२ जिच्यावर बसते त्या नंबर ४ मार्क १ (टी) या ब्रिटिश स्नायपर रायफलीवर खुणांची साखळी असते. डाव्या बाजूला ‘टी’, दस्त्याच्या खालच्या अंगाला या रायफलींवर दुर्बीण बसवणाऱ्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीचा ‘एस ५१’, दस्त्याच्या मुठीवर दुर्बिणीचा नंबर आणि दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर. म्हणजे दोघी एकमेकींचा नंबर बाळगतात. एक कडी तुटली की जोडी नंतर जमवलेली असण्याची शक्यता धरा. नुसता ‘टी’ पाहून हुरळून जाऊ नका, तो कोणीही ठोकू शकतो. ठशावर टॉर्च तिरका धरा आणि भिंगातून बघा. जुन्या ठशाच्या खोलात रंग आणि मळ बसलेला असतो, कडा बोथट झालेल्या असतात. नव्याच्या कडा उभ्या आणि चमकदार असतात. आजूबाजूचा धातू बशीसारखा खोलगट वाटला तर जुना आकडा घासून काढलाय असं समजा.

दुर्बिणीतूनही बघाच. नंबर ३२ मध्ये खालून वर येणारा टोकदार खांब आणि एक आडवी रेषा दिसते. अधिकचं चिन्ह दिसलं तर आतलं काम बदललेलं आहे.

आणि कृपा करून ब्रासो लावू नका! या एका सवयीने जितके खरे नग मातीमोल झाले तितके गंजानेही झाले नसतील. सरकारी मालाचा बाण (भारताच्या मालावर त्याखाली इंग्रजी आय), दोन बाणांची टोकं जुळलेली, सरकारने माल विकून टाकल्याची खूण, मूळ काळा लेप, हे सगळं पॉलिशखाली उतरतं आणि परत येत नाही. कोरडा मऊ ब्रश पुरे.

भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी डाग असतील तर भिंगं जोडणारा बाल्सम हा डिंक सुटतोय. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती सुरुवातीची असेल तर निघते, पण काचेचा लेप खाल्लेला असेल तर डाग राहतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत दुर्बीण ठेवू नका, बाल्सम मऊ होतो. पावसाळ्यात चामड्याच्या खोळीतून बाहेर काढून सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. नेम जुळवायचा फिरता ड्रम अडकला तर तेल सोडू नका, ते सरळ काचेवर उतरतं. थिओडोलाइट (जमीन मोजणीची दुर्बीण) दुरुस्त करणारा जुना कारागीर गाठा आणि खोलण्याआधी प्रत्येक ठशाचे फोटो काढून ठेवा.