कार्बन पुरण्याआधी: खोरे पारखण्याची तयारी

कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पकडून जमिनीखाली खोल खडकात कायमचा पुरायचा, तर त्यासाठी जागा आधी पारखावी लागते. नकाशा पसरण्याआधी एक आकडा लिहून ठेवा: दरवर्षी किती वायू येणार आणि किती वर्षे येणार? हजार मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प वर्षाला साधारण ५० ते ६० लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा आकडा समोर असेल तरच एखादे गाळाचे खोरे, म्हणजे गाळ साचून थरांचे खडक झालेला प्रदेश, मोठे की छोटे हे ठरवता येते.

मग खोली. तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या आणि दाब सुमारे ७४ बारच्या वर गेला की हा वायू द्रवासारखा दाट होतो. जमिनीखाली साधारण ८०० मीटरवर दोन्ही गोष्टी जमून येतात, म्हणून त्याहून उथळ थर सुरुवातीलाच वगळा. सोबत तेल-वायूसाठी खोदलेल्या खोल विहिरींमधल्या तापमानाच्या नोंदी मिळवा. खंबातसारख्या गरम खोऱ्यात वायू कमी दाट राहतो आणि तेवढ्याच जागेत कमी मावतो. पाण्याची क्षारताही तपासा. लिटरमागे १०,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला अमेरिकेत संरक्षण आहे, आणि तो दंडक आपणही पाळावा असे मला वाटते. चंद्रपूरची वीजकेंद्रे जवळ आहेत म्हणून तिथल्या कामठी वालुकाश्माकडे लक्ष जाईल, पण तो लोकांना गोडे पाणी देणारा खडक आहे. त्याला हात लावू नका.

आता झाकण. बहुतेक जण आधी वायू ज्यात साठवायचा त्या वाळूच्या थराची जाडी मोजायला बसतात. माझा आग्रह उलटा आहे. दाट झालेला वायूही खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच असतो, तो वर चढणारच. त्याला अडवणारा शेलचा (घट्ट चिखलाच्या खडकाचा) किंवा मिठाचा थर किती जाड आहे, खोऱ्यात सलग आहे का, त्यातून प्रस्तरभंग, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगा, गेले आहेत का, हे भूकंपीय सर्वेक्षणाच्या (जमिनीत कंपनलहरी सोडून घेतलेल्या) छेदांवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नर इथे १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टन वायू उत्सिरा वालुकाश्मात सोडला गेला. वर शेलचे जाड आवरण आहेच. शिवाय वाळूच्या आतल्या पातळ शेलच्या पट्ट्यांनीही वायू थरांथरांत अडवला, आणि ते कळले पुन्हा पुन्हा केलेल्या सर्वेक्षणांमुळे.

सगळ्यात जास्त वेळ दाबाला द्या. खडकाची छिद्रे रिकामी नसतात, त्यांत पाणी भरलेले असते. वायू आत शिरला की ते पाणी कुठेतरी सरकले पाहिजे. सरकायला वाट नसेल तर दाब चढतो. नॉर्वेच्याच स्नोव्हिट प्रकल्पात २००८ मध्ये टुबॉएन थरात वायू सोडायला सुरुवात झाली, दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि २०११ मध्ये तो थर सोडून दुसऱ्या थराकडे वळावे लागले. अल्जीरियातल्या इन सलाह प्रकल्पात वालुकाश्म जेमतेम २० मीटर जाड आणि पार्यता, म्हणजे खडकातून द्रव वाहण्याची सोय, कमी. जमीन वर्षाला काही मिलिमीटर वर उचलली गेल्याचे उपग्रहांनी टिपले आणि २०११ मध्ये काम थांबवण्यात आले. म्हणून गाभ्याच्या (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या) नमुन्यांची पार्यता, खडक कोणत्या दाबाला फुटतो याच्या चाचण्या आणि परिसरातल्या भूकंपांची यादी हे सगळे टेबलावर असल्याशिवाय वार्षिक क्षमता लिहू नका. खडकातल्या पाण्याचा दाब बदलला की काय होऊ शकते, हे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपापासून कोयनेच्या खोऱ्याला कोणी सांगायला नको.

जुन्या विहिरी शोधा, एकही न सोडता. इन सलाहला एका जुन्या विहिरीतून वायू वर आला होता. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले आणि तेव्हापासून तिथे पुष्कळ विहिरी खोदल्या गेल्या. माहितीच्या दृष्टीने ही श्रीमंती आहे, पण प्रत्येक विहीर झाकणाला पडलेले भोकही आहे. कधी खोदली, सिमेंट कुठवर आहे, बंद कशी केली, असा तक्ता करा. तिथला तेलाचा साठा मुख्यतः चुनखडकात आहे आणि कार्बनयुक्त पाणी चुनखडक विरघळवते, तेव्हा प्रयोगशाळेतल्या चाचण्याही यादीत घाला.

यानंतर आकारमान. समजा थराचे क्षेत्र १०० चौरस किलोमीटर, जाडी ५० मीटर, सच्छिद्रता (खडकातल्या छिद्रांचा वाटा) २० टक्के आणि वायूची घनता घनमीटरला ६५० किलो. गुणाकार ६५ कोटी टन येतो. पण वायू सगळ्या छिद्रांत पोहोचत नाही. दोन टक्के धरले तर उरतात १ कोटी ३० लाख टन, म्हणजे त्या वीजप्रकल्पाची दोन-अडीच वर्षे. अहवालात पहिला आकडा एकटा कधीही छापू नका.

महाराष्ट्राच्या जमिनीवर काम करायचे असेल तर काळ्या कातळाखाली, म्हणजे बेसाल्टखाली, काय आहे हे गृहीत धरू नका. कोयनेजवळ गोठणे इथे खोल वेधन केले, तेव्हा सुमारे १२५० मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा पायाचा कठीण खडक लागला, मध्ये गाळाचा थरच नव्हता. किल्लारीत ३३८ मीटर बेसाल्टखाली गाळ मिळाला तो आठच मीटर. खुद्द बेसाल्टमध्ये वायूचे दगड करण्याची वाट आइसलँडने दाखवली आहे, पण तिची यादी वेगळी.

शेवटचे काम वायूचा पहिला थेंब आत जाण्याआधी संपले पाहिजे: आधारभूत नोंदी. भूकंपीय सर्वेक्षण, विहिरींच्या पाण्याची रासायनिक तपासणी, मातीतल्या वायूचे मोजमाप. आपल्याकडे पावसाळ्यात माती भिजली, मुळे आणि जिवाणू जागे झाले की मातीतला कार्बन डायऑक्साइड आपोआप वाढतो. म्हणून किमान एक पूर्ण वर्ष मोजा, जून ते सप्टेंबर न वगळता, आणि नोंदींची एक प्रत गावाच्या ग्रामपंचायतीत मराठीत ठेवा.