पावसाळ्यात कंपोस्टला वास येतोय? आधी सुका पाला वाढवा

जून ते सप्टेंबर पुण्याची हवा इतकी दमट असते की बाल्कनीतला कंपोस्टचा डबा वास मारू लागतो आणि कितीतरी जण तिथेच हात टेकतात. कृपया तसं करू नका. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ओलावा जास्त, हवा कमी. हवा कोंडली की कचरा कुजण्याऐवजी सडतो.

डब्यातला मूठभर ऐवज हातात घेऊन घट्ट दाबा. एखादा थेंब आला तर ठीक. बोटांमधून पाणी गळू लागलं तर चुरलेला सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला आणि अगदी तळापासून वरखाली करा. वरवर ढवळून उपयोग नाही. ओल्या कचऱ्याइतकाच, जमल्यास दुप्पट पाला हवा. चहाचा चोथा निथळून टाका, कलिंगडाची सालं बारीक चिरून. उरलेली आमटी, तेलकट भाजी, हाडं नकोतच.

चिलटं झाली तर वर पाल्याचा दोन बोटं जाड थर द्या. मळकट, जाडसर अळ्या दिसल्या तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या. किळस वाटली तरी औषध मारू नका, त्या कचरा झपाट्याने फस्त करतात आणि आपल्याला काही करत नाहीत.

पाला मात्र पावसात मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायटीत झाडून पेटवला जातो तोच मागून घ्या आणि पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा.