कलादालनात छोटी नाटकं करताय? या चुका टाळा

नाशकात गोदाघाटावर सकाळी जलरंगांची पेटी उघडून बसणारा चित्रकार आणि संध्याकाळी तालमीला जाणारा हौशी नट यांची ओळख असतेच. त्यामुळे चित्रप्रदर्शनाच्या दालनातच चित्रांवर पंधरा-वीस मिनिटांच्या नाटिका करायच्या, ही कल्पना इथे सहज सुचते. कल्पना उत्तम आहे. तरीही प्रयोग बऱ्याचदा फसतो, कारण दालनाला लहान नाट्यगृह समजलं जातं. नाट्यगृहात पडदा उघडण्यापूर्वी रंगमंच रिकामा असतो. दालनात तुमच्या आधी चित्रं येऊन बसलेली असतात आणि तुम्ही गेल्यावरही ती तिथेच राहणार असतात. नाटिका संपल्यावर प्रेक्षक त्या चित्राकडे आधीपेक्षा जास्त वेळ बघत उभा राहिला, तर प्रयोग जमला. ही कसोटी हातात ठेवून पुढचं वाचा.

संहितेत होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठं नुकसान तालमीच्या आधी, कागदावरच होतं. चित्रकाराच्या आयुष्यावरची नाटिका म्हणजे जन्म, शिक्षण, हालअपेष्टा, सन्मान आणि मृत्यू यांची यादी होऊन बसते. दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण घ्या. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश, पुढे बडोद्याचं कलाभवन, गोध्राला छायाचित्रण, रविवर्मांच्या नावाच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र', १९४४ साली नाशकातच अखेर. हे सगळं पंधरा मिनिटांत बसवलं, की नट फक्त सनावळी म्हणतो आणि प्रेक्षकाला माहितीफलक ऐकल्यासारखं वाटतं.

त्याऐवजी त्या छापखान्यातला एकच प्रसंग घ्या. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागतो आणि एकाच कागदावर ते रंग एकावर एक छापले जातात. कागद सूतभर सरकला तरी देवीच्या ओठांचा लाल रंग कडेबाहेर जातो. दोन कारागीर, एक दगड, आणि लाल रंग जुळत नाही म्हणून अडलेलं काम. एवढ्यावर दहा मिनिटांची भक्कम नाटिका उभी राहते. मूळ चित्र आणि त्याची छापील प्रत यांतलं नातं, श्रम कुणाचे आणि नाव कुणाचं, घराघरांतल्या भिंतीवर देव पोचवण्याचं समाधान, हे सगळं त्या भांडणात येतं. शेजारच्या भिंतीवर एखादा जुना शिळाछाप लावलेला असेल, तर नाटिका संपताच माणसं त्या ओठांची कड शोधायला जातात.

दुसरी चूक म्हणजे चित्राची नक्कल. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा धरलेल्या तरुणीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. अशा चित्रावर नाटिका करायची म्हटलं की पहिली सूचना येते ती, मुलीने तशीच साडी नेसून, तस्साच दिवा धरून उभं राहायचं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि तिथेच सगळं संपतं, कारण चित्रात होतं तेच पुन्हा दिसलं. नटाने चौकटीच्या बाहेर राहिलेलं करावं. तास न् तास दिवा धरून अवघडलेला खांदा, वाऱ्याने हलणारी ज्योत आणि तिच्याबरोबर चेहऱ्यावर सरकणारी सावली, 'बाबा, जरा टेकू का?' हा न विचारलेला प्रश्न. हे ऐकून प्रेक्षक चित्राकडे वळतो, तेव्हा त्याला त्या हाताचं वजन कळतं.

तिसरी चूक, अर्थ सांगणं. 'हा निळा रंग म्हणजे तिचा एकटेपणा' असली वाक्यं संहितेतून निर्दयपणे काढा. त्यापेक्षा चित्र अजिबात न आवडणारं, न समजणारं एक पात्र ठेवा आणि त्याला खरोखरचे, कसदार प्रश्न द्या. दालनात आलेल्या निम्म्या लोकांच्या मनात तेच प्रश्न असतात आणि ते विचारायचा त्यांना संकोच वाटतो.

संहिता तयार झाली की ती दालनातल्या दुसऱ्याच चित्रासमोर वाचून बघा. एक शब्द न बदलता ती तिथेही चालली, तर ती या चित्रासाठी लिहिलेली नाही. पुन्हा लिहायला बसा.

आवाज चढवणं

नाशकातल्या कालिदास कलामंदिरात किंवा प. सा. नाट्यगृहात तयार झालेला नट शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकायला शिकलेला असतो. तीच फेक दालनात त्याला अडचणीत आणते. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेच्या तसबिरी, सपाट छत. आवाज शोषून घेणारं तिथे काहीच नसतं. आधीच्या शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर चढतो आणि वाक्यं एकमेकांत मिसळतात. नटाला वाटतं आपण ऐकू जात नाही, म्हणून तो आणखी मोठ्याने बोलतो आणि घुमाराही तेवढाच वाढतो. माइक लावूनही सुटका नाही, कारण स्पीकरचा आवाजही त्याच भिंतींवर आपटतो.

दालन ठरवायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. तिचा आवाज मागे रेंगाळत राहिला, तर नटांना आवाज खाली आणायला आणि सावकाश बोलायला सांगा. वाक्य संपल्यावर श्वासभर थांबायला सांगा. जमिनीवर जाड सतरंज्या अंथरा. चित्रं नसलेल्या बाजूला स्टँडवर जाड पडदा उभा केला तरी फरक पडतो. माणसांच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या दालनातली तालीम नेहमी जास्त घुमते. रंगीत तालमीला पंधरा-वीस मित्रमंडळी आणून बसवा, म्हणजे खरा अंदाज येईल.

नट चित्राकडे बघत बोलला की त्याची पाठ प्रेक्षकांकडे होते आणि शब्द भिंतीत जातात. चित्र बघायचं तेव्हा गप्प राहायचं, बोलायचं तेव्हा अंग पाऊण वळवून प्रेक्षकांकडे यायचं, असं हालचाली बसवतानाच ठरवा. माझी सगळ्यात आवडती रचना मात्र वेगळी आहे. प्रेक्षकांना चित्रासमोर बसवा आणि नटाला त्यांच्या मागे किंवा कडेला उभं करा. संवाद पाठीमागून येतात आणि डोळे चित्रावर राहतात. अभिनेत्याला हे सुरुवातीला जड जातं, कारण चेहरा दिसणार नाही हे त्याला पटवावं लागतं. पण दालनाबाहेर कुठल्याही रंगमंचावर हा अनुभव देता येत नाही.

प्रकाशयोजना

इथे दोन गोष्टी आहेत, दिसणं आणि चित्राची प्रकृती.

नाशिकच्या प्रदर्शनांत जलरंगांचा वाटा मोठा असतो आणि जलरंगातलं चित्र काचेआड असतं. समोरून स्पॉट मारला की काचेत चित्राऐवजी दिवा दिसतो, पांढरा शर्ट घातलेला नट दिसतो, कधी पहिली रांगही दिसते. दिवा वरून, उभ्या रेषेशी साधारण तीस अंशांचा कोन करून लावा आणि नंतर प्रत्येक रांगेत प्रत्यक्ष बसून काच तपासा. प्रकाशयोजनाकाराने शिडीवरून बघून 'ठीक आहे' म्हणणं पुरेसं नाही. नटांचे कपडे गडद रंगाचे ठेवले तर काचेतलं प्रतिबिंब बरंच कमी होतं.

प्रकृतीचं गणित आणखी कडक आहे. जलरंग, कागद, कापड यांवर साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आणि तैलरंगांवर २०० लक्सच्या आसपास प्रकाश असावा, असा संग्रहालयांचा प्रघात आहे. रंगमंचावरचे दिवे याच्या कितीतरी पट जास्त प्रकाश टाकतात. उडालेला रंग परत येत नाही आणि प्रत्येक वेळचा प्रकाश आधीच्या नुकसानीत भर घालतो. म्हणून दिवे नटावर टाका, चित्राला दालनाचाच प्रकाश राहू द्या. जुने हॅलोजन तापतात, ते आणूच नका, एलईडी वापरा. मोबाइलवरचं प्रकाश मोजायचं ॲप तंतोतंत नसतं, पण अंदाजाला पुरतं.

पूर्ण काळोख करायचा मोह टाळा. अनोळखी जागेत, उभ्या प्रेक्षकांच्या मधोमध, अंधारात कुणाचा तरी खांदा तसबिरीला लागतो. प्रवेश बदलायला दिवे थोडे मंद केले तरी पुरतं.

मागच्या रांगेला काही दिसत नाही

चित्रं जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर मध्य येईल अशी लावलेली असतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. खुर्चीत बसलेल्याचे डोळे १२० सेंटिमीटरच्या आसपास येतात. त्यात दालनाला उंच रंगमंच नसतो. तीन-चार रांगा खुर्च्या मांडल्या की तिसऱ्या रांगेपासून नटाचं फक्त डोकं दिसतं. जमिनीवर बसून केलेला प्रसंग तर मागच्यांना ऐकण्यापुरताच उरतो. पुढे सतरंजी, मग खुर्च्यांची एक रांग, मागे उभे प्रेक्षक अशी चढती रचना करा. एका खेपेला पंचवीस-तीस माणसं पुरेत. जास्त लोक येणार असतील तर प्रयोग दोनदा करा.

चित्रापासून चित्रापर्यंत प्रेक्षकांना चालवत नेणार असाल तर एका नाटिकेची लांबी दहा-बारा मिनिटांच्या वर नेऊ नका. आपल्याकडे अशा कार्यक्रमांना ज्येष्ठ मंडळी आवर्जून येतात, त्यांच्यासाठी हलकी स्टुलं प्रत्येक थांब्यावर आधीच ठेवा. शेवटचा माणूस पोचेपर्यंत पुढची नाटिका सुरू करू नका. तिसरी घंटा इथे नसते, म्हणून सुरुवातीचा काही इशारा लागतो. एखादं पात्र पेटी वाजवत पुढे चाललं तरी लोक मागोमाग जातात.

पूजा, पाणी आणि धूर

प्रयोगाआधी नटराजपूजन आणि दीपप्रज्वलन करण्याची आपली परंपरा मोलाची आहे. ती दालनाबाहेर, व्हरांड्यात किंवा अंगणात पार पाडा. उघडी ज्योत, उदबत्तीचा धूर, नारळाचं पाणी, कुंकू यांपैकी काहीही चित्रांजवळ नको. स्मोक मशीन तर नाहीच, त्याचा तेलकट थर काचेवर आणि कॅनव्हासवर बसतो. चित्रकाराच्या भूमिकेसाठी खरे ओले रंग लागत नाहीत. वाळलेल्या रंगांचं पॅलेट आणि कोरडा ब्रश घेऊन चांगला नट काम निभावतो. चहाचा प्रसंग असेल तर कप रिकामे ठेवा. चित्रांपासून मीटरभर अंतरावर फरशीला मास्किंग टेप लावून तिच्या पलीकडे कुणी जाणार नाही असा नियम करा, भांडणाच्या प्रसंगात तर दोन मीटर. भिंतीवर खिळा मारायची परवानगी मागूही नका.

परवानग्या

चित्र विकत घेतल्याने त्याचा कॉपीराइट विकत मिळत नाही. वेगळा करार झालेला नसेल तर तो चित्रकाराकडेच राहतो. भारतात तो चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. रविवर्मा १९०६ साली गेले, चित्रकार धुरंधर १९४४ साली, त्यामुळे त्यांची चित्रं मोकळी आहेत. हळदणकर १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. चित्राविषयी बोलायला कुणाची हरकत नसते, पण जाहिरातीवर, निमंत्रणपत्रिकेवर किंवा नेपथ्यात त्याची प्रत वापरायची तर लेखी परवानगी घ्या. चित्रकार हयात असेल तर त्याला संहिता वाचून दाखवा आणि एका तालमीला बोलवा. त्याच्या चित्राविषयी तुम्ही काय म्हणताय हे त्याला उद्घाटनाच्या दिवशी कळणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. प्रयोग दालनात आहे, प्रेक्षक थोडे आहेत, म्हणून हे सोडून देऊ नका, आधी चौकशी करा.

ऐन वेळी काही बिघडलं तर

तारीख ठरवताना बाहेरच्या आवाजाचा विचार केला तर अर्धं काम होतं. गणपतीचे दिवस आणि लग्नसराईच्या संध्याकाळी ढोल आणि बँड अगदी दारावरून जातात. तरीही मिरवणूक आलीच तर तिच्यावर ओरडून संवाद म्हणू नका. नटाने चित्राकडे वळून शांत उभं राहावं आणि आवाज पुढे गेला की मागचं एक वाक्य पुन्हा घेऊन सुरुवात करावी. प्रेक्षकही तेवढा वेळ चित्र बघतात. हे तालमीतच बसवून ठेवा.

वीज गेली तर दोन बॅटऱ्या कुणाच्या हातात आहेत हे ठरलेलं असू द्या. आधी त्यांचा प्रकाश दरवाजा आणि वाटेवर टाका, मग नटावर. फ्लॅश चमकला तर नाटिका थांबवू नका, दारातल्या स्वयंसेवकाने जवळ जाऊन हळू आवाजात सांगावं. आधीच, आत सोडतानाच, प्रत्येकाला फ्लॅश बंद करायला लावलं तर ही वेळ येत नाही. फक्त प्रदर्शन बघायला आलेला माणूस चुकून मध्ये शिरला तर त्याला हुसकू नका. तो ज्यासाठी आलाय ते काम महत्त्वाचंच आहे. नटाने त्याला वाट करून द्यावी.

शेवटची चूक नाटिका संपल्यावर होते. टाळ्या थांबतात न थांबतात तोच सत्कार, शाल-श्रीफळ आणि मनोगतं सुरू होतात, लोक पुन्हा खुर्च्यांत बसतात आणि चित्रं त्यांच्या पाठीमागे जातात. सत्कार करायचाच असेल तर सुरुवातीला, बाहेर, दीपप्रज्वलनाच्या वेळी उरकून घ्या. नाटिकेनंतरची किमान वीस मिनिटं दालन उघडं आणि दिवे चालू ठेवण्याचं व्यवस्थापनाशी आधीच ठरवा. जागेचं भाडं तासावर असेल तर तो वेळ धरूनच आरक्षण करा आणि रखवालदाराला बंद करायची खरी वेळ सकाळीच सांगून ठेवा.