शरदातल्या बैठकीला वाईन नेताना

आधी यजमानांना तीन गोष्टी विचारून घ्या: जेवायला काय आहे, पिणारे किती जण आहेत आणि बसायचं घरात की अंगणात. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. दोन पिणाऱ्यांमागे एक बाटली हा हिशेब सगळ्यांनी मिळून आणलेल्या बाटल्यांचा असतो, तुमच्या एकट्याचा नाही. दोन न्यायच्या असतील तर एकाच वाईनच्या न्या, म्हणजे एक खराब निघाली तरी बेत बिघडत नाही.

जेवणाचा अंदाज लागला नाही तर बिनदिक्कत हलकी रेड घ्या, गामे किंवा पिनो न्वार या द्राक्षांची. यांत टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरट घटक) कमी आणि आंबटपणा चांगला असतो, म्हणून भाजलेला भोपळा, मशरूम, चिकन, चीज सगळ्यांबरोबर जमून जातं, आणि गप्पांत नुसती प्यायलाही बरी वाटते. काबर्ने सोव्हिन्योंसारखी जड रेड खाण्याशिवाय घेतली की हिरड्या आणि जीभ कोरडी पडते. गामे शोधताना लेबलवर बहुतेक वेळा बोजोले या फ्रान्समधल्या प्रदेशाचं नाव दिसेल, द्राक्षाचं नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी बोजोले नूव्हो ताजीच प्यायची असते. गेल्या वर्षीची स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

जेवण तिखट असेल तर रेडचा हट्ट नको. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तिथे किंचित गोडसर व्हाईट, रीजलिंग हवी. जर्मन बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली. अल्कोहोल ८-९ टक्के असेल तर बहुधा साखर शिल्लक आहे असं समजा. संध्याकाळ लांबणार असेल तर रेडही १३ टक्क्यांच्या आतली बघा.

खरी गडबड होते ती तापमानात. हलकी रेड १२ ते १४ अंशांवर खुलते. उबदार खोलीत ठेवलेली बाटली तशीच ओतली की अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास दबून जातो. निघण्यापूर्वी ती अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाईट उलट, फ्रिजमधून थेट ओतली तर चव मुकी होते. दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. ऐनवेळी गार करायची असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा काचेला नीट गारवा देत नाही. फ्रीजरमध्ये मात्र विसरू नका: वाईन गोठताना फुगते, बूच वर सरकतं, कधी काच तडकते. उन्हात उभ्या गाडीतही बाटली ठेवायची नाही.

बूच असेल तर कॉर्कस्क्रू सोबत घ्या, नाहीतर सरळ फिरकीच्या झाकणाची बाटली निवडा. झाकणावरून वाईन हलकी ठरत नाही. अंगणात बसणार असाल तर ग्लास पुरतील का हेही विचारून ठेवा. उघडल्यावर आधी दोन घोट स्वतःच्या ग्लासात ओतून वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचातूनच वाईन बिघडलेली असते. हवा लागून तो जात नाही, दुसरी बाटली उघडा. नुसता काडी ओढल्यासारखा वास असेल तर ग्लास फिरवा, बऱ्याचदा काही मिनिटांत निघून जातो. ग्लास एक तृतीयांशच भरा.

न पिणाऱ्यांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी गार द्राक्षरस व सोडा त्याच पिशवीत असू द्या. बाटली देताना यजमानांना सांगा की आज उघडलीच पाहिजे असं नाही. उघडून उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवायची, रेडसुद्धा. तीनेक दिवस चव टिकते.